लिथियम बॅटरी निवडताना उन्हाचा हिशेब

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीची बॅटरी आणि उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनची बॅटरी एकाच जातीची आहे. दोन्हींच्या आत चपट्या, मऊ, चंदेरी पाकिटांसारखे सेल असतात. दोन्हींवर व्होल्ट, मिलिअँपिअर-तास आणि ‘सी’ हे तीन आकडे ठळक छापलेले असतात आणि दोन्ही बिघडतात ती कारणेही सारखीच. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लिथियम बॅटरी गेल्या पाचसात वर्षांत अनेक वाटांनी आली. मुलांच्या गाड्यांतून आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या रोबोटमधून आली, पाठीवरच्या बॅटरी पंपातून आली, बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ बनवते त्या इलेक्ट्रिक तीनचाकीतून आली आणि आता ड्रोनमधून येते आहे. घेणारा माणूस मात्र अजूनही मोटारसायकलची बॅटरी घेतल्यासारखाच निवड करतो: आकडा किती मोठा, किंमत किती, वॉरंटी किती महिन्यांची. माझे म्हणणे असे की पॅकवर छापलेल्या आकड्यांनी निवडीचा प्रश्न अर्धाच सुटतो. पुणे जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, तिथे बॅटरी किती टिकणार हे मुख्यतः उष्णता ठरवते. म्हणून निवडीची सुरुवात पॅक किती तापेल, किती वेळात निवेल आणि कुठे ठेवला जाईल या प्रश्नांपासून व्हायला हवी.

आधी आकडे नीट वाचू. दहापट लहान केलेल्या, म्हणजे एकास दहा प्रमाणातल्या गाडीत सर्रास वापरला जाणारा पॅक घ्या: २एस, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच, ५०सी. २एस म्हणजे दोन सेल एकसर जोडलेले. प्रत्येक सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि ३ च्या खाली गेला की तो कायमचा दुखावतो. ५००० एमएएच ही साठवण. ७.४ व्होल्टने गुणले की ३७ वॉट-तास ऊर्जा निघते, आणि दोन पॅकांची खरी तुलना या वॉट-तासांतच करावी, कारण वेगवेगळ्या व्होल्टेजच्या पॅकांचे एमएएच एकमेकांशी ताडून काहीच कळत नाही. राहिला ‘सी’. साठवणीच्या किती पट प्रवाह बॅटरी देऊ शकते ते हा आकडा सांगतो. विहिरीत पाणी किती हे एमएएच सांगतो, तर पाइप किती इंची हे ‘सी’. पाच अँपिअर-तासाला पन्नासने गुणले की अडीचशे अँपिअर होतात. पण त्याच पॅकला अनेकदा एक्सटी६० जातीचा पिवळा कनेक्टर लावलेला असतो आणि तो सलग साठ अँपिअरसाठी बनवलेला आहे. गाडीला तरी किती लागतात? पॅकमधली ऐंशी टक्के साठवण पंधरा मिनिटांत संपली, तर सरासरी प्रवाह सोळा अँपिअर. जागेवरून झेप घेताना तो क्षणभर ऐंशी-शंभरावर जातो, अडीचशेपर्यंत कधीच नाही. मुळात ‘सी’ कसा मोजायचा याचे सर्वांनी पाळावे असे बंधनकारक मानक नाही. बनवणारा स्वतःच मोजतो आणि स्वतःच छापतो. त्यामुळे एकाच्या ५०सी मध्ये आणि दुसऱ्याच्या १००सी मध्ये प्रत्यक्षात काडीचाही फरक नसू शकतो.

फसवायला कठीण असा आकडा पॅकवर छापलेला नसतो. तो म्हणजे अंतर्गत रोध, मिलिओहममध्ये मोजला जाणारा. चांगल्या नव्या २एस पॅकचा एकूण रोध सहा मिलिओहमच्या आसपास धरू. साठ अँपिअर ओढले की आतल्या आत ०.३६ व्होल्ट घसरण होते आणि सुमारे बावीस वॉट उष्णता तयार होते. हाच पॅक म्हातारा होऊन रोध वीस मिलिओहमवर गेला, की तेवढ्याच प्रवाहाला घसरण १.२ व्होल्ट आणि उष्णता बहात्तर वॉट. बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवलेल्या, मुठीत मावणाऱ्या वस्तूत बहात्तर वॉट! गाडी मंदावते ती साठवण संपली म्हणून नव्हे, व्होल्टेज आतच खर्ची पडते म्हणून. मग मालक जास्त एमएएचचा पॅक घेऊन येतो आणि दुखणे तसेच राहते. बॅलन्स चार्जर, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरणारा चार्जर, घेताना रोध दाखवणारा घ्यावा तो याचसाठी. त्याला किंमत थोडी जास्त पडते, पण दर महिन्याला प्रत्येक सेलचा रोध टिपून ठेवला की कोणता सेल दगा देणार हे फुगण्याच्या कितीतरी आधी कळते. ताडताना मात्र पॅकचे तापमान दर वेळी सारखे असावे. गरम सेलचा रोध तात्पुरता कमी दिसतो आणि चुकीचे समाधान देतो.

हेच गणित ड्रोनला लावा. दहा लिटर टाकीच्या फवारणी ड्रोनमध्ये सहा सेलचे, सोळा अँपिअर-तासांचे दोन पॅक एकसर जोडण्याची पद्धत बऱ्यापैकी रूढ आहे. म्हणजे साधारण ४४ व्होल्ट आणि सातशे वॉट-तास. एका उड्डाणाला दहा मिनिटे आणि ऐंशी टक्के वापर धरला तर सरासरी प्रवाह पंचाहत्तर-ऐंशी अँपिअर, म्हणजे जेमतेम पाच सी. पॅकवर छापलेले असतात पंधरा किंवा पंचवीस. कागदावर पाहिले तर हा पॅक आरामात चालला पाहिजे. तरीही फवारणीचे पॅक फुगतात आणि अपेक्षेआधी बाद होतात. त्याचे कारण उड्डाणात शोधून सापडणार नाही, दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात शोधावे लागेल. लिथियम-आयन सेल शून्य ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यानच चार्ज करावा असा सर्वसाधारण दंडक आहे. समजा ड्रोन उतरला तेव्हा पॅक पंचावन्न अंशांवर आहे. डिसेंबरच्या सकाळी हवा वीस अंशांवर असताना तो पंचेचाळीसवर लवकर येतो. एप्रिलच्या दुपारी सावलीतही एक्केचाळीस अंश असतील, तर निवण्याच्या साध्या नियमानुसार त्याच दहा अंशांना जवळजवळ पावणेचारपट वेळ लागतो. गार हवेत वीस मिनिटे लागत असतील तर उन्हाळ्यात सव्वा तास. सुरू उसावर खोडकिडीचा त्रास असतो तो नेमका याच महिन्यांत. बांधावर जनरेटर चालू आहे, पुढचा शेतकरी वाट बघतो आहे, अशा वेळी सव्वा तास थांबणार कोण? पॅक गरम असतानाच चार्जरला लागतो आणि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तिथे जातो.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेच्या पॅकेजमध्ये हा प्रश्न काही अंशी ओळखलेला दिसतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या योजनेत बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ऐंशी टक्के, कमाल आठ लाख रुपये साहाय्य आहे. मूळ बॅटरी संचाबरोबर आणखी चार संच दिले जातात आणि दिवसाला वीस एकर फवारणी होऊ शकेल असा अंदाज त्यात मांडला आहे. एका उड्डाणात एक एकर धरला, तर पाच संचांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला चार फेऱ्या येतात. थंडीत हे सहज जमेल. उन्हाळ्यात सकाळी आणि सायंकाळीच फवारणी करून दुपारी संच सावलीत निववले आणि मग चार्ज केले तरच जमेल. पैशांत याचा अर्थ काय? नीट वापरलेला संच तीनशे फेऱ्या देतो असे हिशेबापुरते मानले, तर पाच संचांत पंधराशे एकर होतात. गरम चार्जिंगने तेच आयुष्य निम्म्यावर आले तर साडेसातशे. ड्रोनला अनुदान मिळते, पण झिजलेल्या संचांच्या जागी नवे घ्यायचे पैसे गटाला फवारणीच्या कमाईतूनच काढावे लागतात. योजनेत पंधरा दिवसांचे प्रशिक्षण आहे. त्यातला एक पूर्ण दिवस केवळ बॅटरीला दिला, तरी तो गटाला सर्वांत जास्त पैसे वाचवून देणारा दिवस ठरेल असे मला वाटते.

यावर अनुभवी मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. गरम लिथियम बॅटरी जास्त जोर देते. शर्यतीतले खेळाडू पॅक मुद्दाम कोमट करून गाडीत घालतात. मग उष्णतेचा एवढा बाऊ कशाला? निरीक्षण खरेच आहे. तापमान वाढले की आतल्या आयनांची हालचाल सुलभ होते, रोध उतरतो. पण ज्या उष्णतेने ही हालचाल सुलभ होते तिनेच सेल झिजवणाऱ्या रासायनिक क्रियाही वेगावतात. ढोबळ मानाने दर दहा अंशांना झीज दुप्पट, असा ठोकताळा रसायनशास्त्रात वापरतात. पाच मिनिटांच्या शर्यतीसाठी हा सौदा परवडतो. वर्षभर कमाई करायच्या यंत्राला परवडत नाही.

कित्येकदा वापरापेक्षाही जास्त नुकसान पॅक नुसता पडून असताना होते, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. बॅटरी युनिव्हर्सिटी या नावाच्या, या क्षेत्रात सर्रास आधाराला घेतल्या जाणाऱ्या संदर्भसाहित्यात एक तक्ता आहे. लिथियम-आयन सेल पंचवीस अंशांत वर्षभर चाळीस टक्के भरलेला ठेवला तर त्याची सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरलेला ठेवला तर ८० टक्के. चाळीस अंशांत हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे एकदाही न वापरता, निव्वळ पूर्ण भरून गरम जागी ठेवल्याने तिसरा हिस्सा गेला. आता आपल्याकडचे चित्र आठवा. मुलाची गाडी मे महिन्याच्या सुट्टीत रोज पळते. शाळा सुरू झाली की पॅक पूर्ण चार्ज करून, ‘तयार असू दे’ म्हणून, पत्र्याखालच्या माळ्यावर जातो. दिवाळीत काढला की फुगलेला असतो आणि दोष कंपनीला मिळतो. ड्रोनचे संचही हंगाम संपला की असेच भरलेले पडून राहतात. उपाय बिनखर्ची आहे: प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवायचा. बहुतेक बऱ्या चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेज मोड असतोच. जागा घरातली सर्वांत गार, म्हणजे मातीच्या किंवा दगडी भिंतींची खोली असेल तर उत्तम. पूर्ण चार्ज उड्डाणाच्या किंवा खेळाच्या आदल्या रात्री करावा, आठवडाभर आधी नाही.

मग उष्णतेला जास्त दाद न देणारे रसायनच का घेऊ नये? ते आहे, आणि बारामतीकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. पियाजिओने डिसेंबर २०१९ मध्ये आपे ई-सिटी बाजारात आणली तेव्हा बॅटरी अदलाबदलीची सोय होती. पुढे गाडीत बसवलेल्या बॅटरीची मॉडेल आली, आणि २०२५ मधल्या आपे ई-सिटी अल्ट्राला १०.२ किलोवॅट-तासांची एलएफपी बॅटरी मिळाली. दिवसभर उन्हात धावणाऱ्या रिक्षाला हे रसायन शोभते. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. सेल भलताच तापला तरी तो सहजी सुटत नाही, आणि आतून ऑक्सिजन मिळाला नाही की आग सहसा भडकत नाही. कोबाल्टवर आधारलेल्या सेलमध्ये तो कमी तापमानालाच सुटतो. फेऱ्यांच्या बाबतीतही एलएफपी कितीतरी पुढे आहे. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला एका इलेक्ट्रिक स्कूटरने भर रस्त्यात पेट घेतला, देशात इतरत्रही तशा घटना घडल्या, आणि वाहनांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. एक सेल पेटला तर ती आग शेजारच्या सेलपर्यंत किती पसरते याची चाचणी त्यात आली. वाहनाच्या बॅटरीवर असा पहारा बसला, तसा तो खेळण्याच्या किंवा ड्रोनच्या सुट्या पॅकवर नाही. तिथे घेणाऱ्याने निदान भारतीय मानक ब्यूरोची आयएस १६०४६ खालची नोंदणी आणि तिचा ‘आर’ क्रमांक तरी पाहून घ्यावा.

तरीही सगळीकडे एलएफपी, असे म्हणता येत नाही. आडवे येते वजन. सातशे वॉट-तासांसाठी लिपोचे, म्हणजे सध्याच्या चपट्या लिथियम-पॉलिमर सेलचे, दोन पॅक मिळून सुमारे चार किलो भरतात. तेवढीच ऊर्जा एलएफपीत घ्यायची तर सहा किलोंच्या आसपास जावे लागते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ‘स्मॉल’ वर्गाची मर्यादा एकूण पंचवीस किलो आहे आणि फवारणीचे बहुतेक ड्रोन तिच्या आतच बसवलेले असतात. दोन किलो बॅटरी वाढली की दोन लिटर औषध कमी उचलले जाणार. ‘मोठी बॅटरी घ्या, काही बिघडत नाही’ हा सल्लाही इथेच कोसळतो. जादा साठवणीतला मोठा वाटा तिचेच वजन उचलण्यात जातो. गाडीत अडचण वेगळी. एलएफपी सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे दोन सेलचे ६.४ व्होल्ट, ७.४ व्होल्टवर जुळवलेली मोटर त्यावर सुस्त वाटते. ज्यांना झेप हवी त्यांनी लिपोच घ्यावी, पण टणक आवरणाची. मऊ पाकीट उडालेल्या खडीने किंवा उलटलेल्या गाडीने सहज टोचले जाते. आठदहा वर्षांच्या मुलाला पहिली गाडी घेताना मात्र मी वेगापेक्षा एलएफपीकडे किंवा साध्या निकेल-मेटल हायड्राइडकडे झुकेन. दुकानदार काहीही म्हणो.

एलएफपीचा खरा उपयोग व्हावा असे एक ठिकाण मात्र दुर्लक्षित आहे: पाठीवरचा बॅटरी पंप. त्यात सहसा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते, वजन अडीच किलोंच्या घरात. सोळा लिटर पाण्याबरोबर ते दिवसभर पाठीवर. हंगाम संपल्यावर ती रिकामी पडून राहिली की पुढच्या वर्षी उठत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून आता बाजारात तिच्याच मापाचे लिथियम पॅक मिळू लागले आहेत, आणि इथे एक धोका लपला आहे. यातले काही पॅक तीन लिथियम-आयन सेलचे असतात आणि पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टवर थांबायला हवेत. पंपाबरोबर आलेला जुना चार्जर शिसे-आम्लासाठी चौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत जातो. तो लावला की प्रत्येक सेलवर ४.२ च्या जागी ४.७ किंवा जास्त व्होल्ट चढू पाहतात, आणि मध्ये फक्त बीएमएसची, म्हणजे चार्जिंग तोडणाऱ्या संरक्षक सर्किटची, एक स्वस्त पट्टी उभी असते. ती निकामी झाली तर पुढे आगच. चार सेलचा एलएफपी पॅक १४.६ व्होल्टला भरतो, त्यामुळे जुन्या चार्जरशी त्याचे बऱ्यापैकी जुळते, आणि रसायनही सौम्य. तरी चार्जर एलएफपीचाच घ्यावा. पण चुकून जुना लागला तर त्या चुकीची शिक्षा घर जळण्याची नसावी, एवढा विचार निवडीत हवाच. दुकानात विचारायचा प्रश्न साधा आहे: आत सेल किती आणि कोणत्या जातीचे? उत्तर देता येत नसेल तर तो पॅक घेऊ नये.

शिसे-आम्लाच्या बाजूने एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो. ती मेली तरी भंगारवाला तिचे पैसे देतो आणि शिसे पुन्हा वापरात येते. मेलेल्या लिथियम पॅकला तालुक्याच्या बाजारात किंमत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण कागदावरची ही साखळी शहरातल्या मोठ्या पॅकसाठी जुळत आली असली, तरी भवानीनगर किंवा बिजवडीच्या परिसरातल्या एखाद्याच्या हाती फुगलेला पॅक आला तर तो नेऊन द्यायचा कुठे, हे गावात कोणी सांगू शकत नाही. एलएफपीत कोबाल्ट-निकेल नाही, त्यामुळे पुनर्वापर करणाऱ्यालाही तिची फारशी ओढ नाही. म्हणजे मी ज्या रसायनाची शिफारस करतो त्याचीच विल्हेवाट जास्त अडचणीची आहे. फुगलेला पॅक उकिरड्यावर किंवा बांधावर जातो. ऊसतोडीनंतर रानात वाळलेले पाचट पसरलेले असते. आग लागायला त्यात टोचला गेलेला एक पॅक पुरेसा आहे. गावात संकलनाची सोय होईतोवर घरच्या घरी इतकेच करता येते: फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही, टाचणी लावून हवा काढायची नाही, लहान बल्ब जोडून तो पूर्ण उतरवायचा आणि कोरड्या वाळूच्या बादलीत, घराबाहेर ठेवायचा. चार्जिंगही उघड्या फरशीवर व्हावे, गादीवर किंवा रात्री सगळे झोपलेले असताना नको. पेट घेतलाच तर आधी वीज तोडावी आणि मग भरपूर पाणी ओतत राहावे. लिथियम बॅटरीवर पाणी चालत नाही हा समज चुकीचा आहे. थोडे पाणी पुरत नाही, एवढेच.

सामान्य माणसाने मिलिओहम मोजत बसावे का, असे कोणी विचारील. प्रत्येकाने नको. पण बारामतीत ते मोजून देऊ शकतील अशा संस्था आहेत. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवते, विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, माळेगावला अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. उष्णतेचा पिकावर काय ताण पडतो हे जिथे मोजले जाते, त्याच गावात तो ड्रोनच्या बॅटरीवर किती पडतो हेही मोजता येईल. ड्रोन दीदींच्या संचांचे दर महिन्याचे रोध, फेऱ्या आणि चार्जिंगच्या वेळचे तापमान एका वहीत आले, तर दोन हंगामांत या हवामानासाठी स्वतःचा तक्ता तयार होईल आणि कोणाच्या छापील ‘सी’वर विसंबावे लागणार नाही. जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात एक टेबल यासाठी ठेवावे. कोणीही आपला पॅक आणावा, ड्रोनचा असो, पंपाचा असो की मुलाच्या गाडीचा, सेलनिहाय मोजून घ्यावा, आणि बाद ठरला तर तिथेच वाळूच्या पिंपात जमा करावा, म्हणजे तो उत्पादकाच्या संकलनापर्यंत एकत्र पाठवता येईल.